पाचवं माप

१

दर रविवारी सकाळी चहाचे कप विसळून झाले की ते चौघं जेवणाच्या टेबलावर घर बांधायला बसत. विटा-सिमेंट अजून लांब होतं. टेबलावर असायचे कागद, कॅल्क्युलेटर आणि वाद. प्लॉट घेऊन अकरा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात त्यावर दोनच गोष्टी उगवल्या होत्या, गवत आणि बाबांचे बेत. आता मुलीनं कंबर कसली म्हणून गाडं हललं होतं.

मुलीला घरात ‘वकील’ म्हणत. ती वकील नव्हती. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ती खरेदी विभागात होती. दिवसभर लोकांची कोटेशनं वाचायची आणि कुणी नटामागे दहा पैसे जास्त लावले असतील तर मानगूट धरायची, हे तिचं काम. घरी आल्यावर तेच डोकं तसंच चालत राही, आणि ‘पुरे झाली वकिली’ हे वाक्य तिला इतक्या वेळा ऐकवलं गेलं होतं की शेवटी नावच पडलं.

बजेट होतं बेचाळीस लाखांचं. त्यात बाबांचे निवृत्तीचे पैसे, आईची ठेव, बँकेचं कर्ज आणि नऊ लाख वकीलबाईंचे. सहा वर्षं बसनं धक्के खात, नवी चप्पल घ्यायची तर जुनी दोनदा शिवून, साठवलेले नऊ लाख. त्या पैशांना तिची अट एकच होती. वरच्या मजल्यावर एक खोली तिची. दहा बाय चौदा, खिडकी रस्त्याकडे, टेबल तिच्या मापाचं.

‘मापाचं’ हा शब्द घरात नुकताच आला होता. आर्किटेक्टबाईंची पद्धतच तशी होती. त्या आधी माणसं मोजत आणि मग घर काढत. “तयार घरात माणूस स्वतःला कसंबसं बसवतो,” त्या म्हणाल्या होत्या, “आपण घराला माणसांत बसवू.” आईला हे ऐकून भरून आलं होतं. बावीस वर्षं या भाड्याच्या घरात दुसऱ्याच कुणाच्या उंचीच्या ओट्यावर स्वयंपाक करून तिची पाठ कामातून गेली होती. मग एका मंगळवारी बाईंचा मापं घेणारा माणूस येऊन सगळ्यांच्या कोपराची, खांद्याची, डोळ्यांची उंची उतरवून घेऊन गेला. वकील तेव्हा कामावर होती. तिनं नंतर बाईंच्या ऑफिसात जाऊन आपली मापं दिली.

आणि या रविवारी अंदाजपत्रक हातात आलं.

“किती झाले?” आत्यानं विचारलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिच्याकडे पैसे नव्हते, पण प्रत्येक खर्चावर मत होतं.

“अठ्ठेचाळीस लाख चाळीस हजार.”

“अगं बाई!”

“सहा लाख चाळीस हजार जास्त.” वकिलीनं शेवटचं पान उलटलं आणि तिचा आवाज चढला. “बाबा, यावर तुमची सही कशी?”

“हे घेऊन आलेला माणूस दारात ताटकळत उभा होता.”

“वाचलंत तरी का?”

“सत्तावीस पानं आहेत, बाळा. विश्वास नावाची काही चीज असते की नाही?”

“विश्वासाचे सहा लाख चाळीस हजार झालेत,” ती म्हणाली आणि पेन्सिल घेऊन पान एकपासून वाचायला बसली.

२

नवव्या पानापर्यंत सगळं ठीक होतं. आईचा ओटा आईच्या कोपराखाली चार इंच. आत्यासाठी न्हाणीघरात धरायला दांडी. बाबांना वाकावं लागू नये म्हणून उंचावर चपलांचं कपाट. प्रत्येक ओळीपुढे कंसात कुणाचं माप तो आकडा होता, एक, दोन, तीन, चार.

नवव्या पानावर होतं: तळमजला, मागची खोली. छताची उंची चौदा फूट. दार तेरा फूट. पलंग तेरा फूट. खुर्चीची बैठक चार फुटांवर. आणि कंसात, माप क्रमांक पाच.

वकिलीनं आधी हसून घेतलं. कारखान्यात एकदा कुणाच्या तरी हातून एक शून्य जास्त पडलं होतं आणि चाळीसऐवजी चारशे पंपांचं लोखंड आलं होतं. असंच काहीतरी असणार. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पान यात आलं असणार, एखाद्या गोदामाचं, नाहीतर घोड्यांच्या पागेचं.

“पाचवं माप कुणाचं?” तिनं सहज विचारलं.

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आई उठून स्वच्छच असलेला ओटा पुसायला गेली, आणि आत्याला एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी दिसलं. हे तिघं असं करू लागले की काय समजायचं, ते वकिलीला लहानपणापासून पाठ होतं. गुन्हा तिघांचा होता.

“बाबा?”

“अगं, तो विचारत होता. तिघांची मापं झाल्यावर म्हणाला, ‘आतल्यांचं घेऊ का?’ मी म्हटलं, घ्या.”

“आत कोण होतं?”

“मला वाटलं तू असशील.”

“मंगळवारी? दुपारी साडेतीनला? सहा वर्षांत मंगळवारी दुपारी मी कधी घरी दिसले तुम्हाला?”

“असतं एखादे वेळी माणूस घरी,” आत्या मध्ये पडली. “डोकं दुखत असेल.”

“मला माहीत होतं तू नाहीस ते,” आई ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली. “पण यांनी हो म्हटल्यावर मी परक्या माणसासमोर नाही कसं म्हणू? यांचा शब्द खाली पडला असता.”

“म्हणून त्याला माझ्या रिकाम्या खोलीत जाऊ दिलंत? आणि तो मापं लिहून बाहेर आला?”

“पंधरा-वीस मिनिटं लागली,” आई म्हणाली. “आत बोलत होता. ‘हात वर करा, जरा मागे सरका, झालं झालं.’ मला वाटलं फोनवर बोलतोय.”

“फोनवर कोण कुणाला हात वर करायला सांगतं?”

“तो बाहेर आला तेव्हा घामाघूम झाला होता,” बाबा म्हणाले. “मी पाणी दिलं. त्यानं विचारलं, ‘त्यांना किती वर्षं झाली इथे?’ मी म्हटलं, आमच्याबरोबरच, बावीस.”

“का? असं का म्हटलंत?”

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “आता विचारलंच होतं त्यानं, तर काहीतरी सांगायला नको?”

भीड भिकेची बहीण म्हणतात. या घरात ती सगळ्यांची थोरली बहीण होती. तिला विचारल्याशिवाय इथे पान हलत नसे. वकिलीनं पेन्सिल टेबलावर आपटली, तिचं टोक मोडलं, आणि आत्या म्हणाली, “बघा, हे असं आहे. एवढ्याशा गोष्टीवरून.”

३

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आर्किटेक्टबाईंच्या ऑफिसात गेली. बाई पन्नाशीच्या, शांत, केस आखूड कापलेल्या. टेबलावर लाकडाचे नमुने आणि पट्ट्या. वेड्या माणसाचं ऑफिस असं नसतं, असं वकिलीला वाटून गेलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

“आमच्या घरात चार माणसं आहेत,” तिनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

“मापं पाच आहेत.” बाईंनी फाइल काढून पुढे सरकवली. पाच रकाने, एकाच वळणाचं बारीक अक्षर. पाचव्या रकान्यात कोपर सात फूट आठ इंच. हात वर, पंधरा फूट, पुढे ‘अंदाजे’. उंचीच्या चौकटीत नुसती रेघ होती आणि खाली शेरा: ‘जागेअभावी पूर्ण उभे राहता आले नाही.’

“तुमचा माणूस पितो का?”

“नाही. चाळीस वर्षं हेच काम करतो. माझ्या वडिलांकडे होता.”

“मग दुपारची डुलकी लागली असेल त्याला. हे काढून टाका.”

“असं नाही काढता येत,” बाई म्हणाल्या. “ज्याचं माप, त्याची सही. हा माझा नियम आहे. लोक माझ्या माघारी सुनेच्या उंचीचा ओटा काढून सासूच्या उंचीचा करून घेतात. मुलींची टेबलं काढतात. म्हणून एकाच्या मापाचं काम दुसऱ्याला रद्द करता येत नाही.”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी वकिलीनं या नियमासाठी टाळ्या वाजवल्या असत्या.

“पण बजेट बसत नाही, ते खरं,” बाई पुढे म्हणाल्या. “त्यासाठी तुमच्या वडिलांनी काल फोनवर एक मार्ग सुचवला. वरची दहा बाय चौदा वगळायची. सहा लाख चाळीस हजार वाचतात. त्यांना मी सांगितलं, त्यावर तुमची सही लागेल. ते म्हणाले, ‘ती करेल. समजूतदार आहे.’”

वकील खुर्चीवर बसली.

“आणखी काय म्हणाले?”

बाईंनी फाइल मिटली. “म्हणाले, मुलगी आज ना उद्या लग्न होऊन जाईल. ते कुठे जाणार आहेत?”

४

तिला पुढच्या शनिवारी अर्धा दिवस सुट्टी होती. दुपारी घरात तिघं आडवे झाले होते. ती आपल्या खोलीत आली आणि पहिल्यांदाच, स्वतःला शिव्या देत, खोलीकडे नीट बघायला लागली.

खोली साधी होती. पलंग, टेबल, कपाट. कपाट आठ फुटी, त्याच्यावर फूटभर जागा सोडून छत. पंखा. भिंतीला फिकट पिवळा रंग, घरमालकानं सात वर्षांपूर्वी दिलेला. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि उन्हात काही लपून राहत नाही. बघायला काहीच नव्हतं. तिला बरं वाटलं आणि मग ती चिडली. आपण बघतोय तरी कशाला? बाबांनी माझी खोली कापली, हा मुद्दा आहे. पाचवं माप हा मुद्दाच नाही. ती एक चूक आहे, आणि चुकीला घाबरून चुकीपुढे माझी खोली ठेवणारी ही तीन माणसं हा मुद्दा आहे.

असं मनात मांडत ती पलंगावर उताणी पडली, तेव्हा तिला छत दिसलं.

आई महिन्यातून एकदा लांब काठीला झाडू बांधून सगळ्या खोल्यांची जळमटं काढायची. या खोलीतली काढायची नाही. “तुझ्या खोलीत धरतच नाहीत बघ,” असं ती कौतुकानं म्हणायची. ते खरं होतं. कोपरे लख्ख होते. कपाटाच्या वरच्या बाजूला, जिथे भिंत छताला मिळते तिथे, ताटाएवढा एक डाग होता. गडद, जरा चकाकणारा. पलंगाच्या उशाशी भिंतीला माणसाचं डोकं टेकून टेकून जसा पडतो, तसा.

वरच्या भाडेकरूची गळती, तिनं मनात म्हटलं. मग तिला आठवलं की वर भाडेकरू नव्हता, गच्ची होती. मग पावसाचं पाणी. पण ओल आली की रंगाचे पोपडे निघतात. हा डाग तुळतुळीत होता.

ती स्टूल घेऊन चढली, टाचा उंचावल्या आणि बोट लावलं. गुळगुळीत. तिनं बोट नाकाशी नेलं. केसांना येतो तसा वास. न धुतलेल्या केसांचा वास तसा कुठेही येऊ शकतो. तिच्या स्वतःच्या हाताला येत असेल, सकाळी वेणी घातली होती.

ती खाली उतरली. उतरताना तिनं कपाटाचा आधार घेतला, आणि मागून कपाट हलकेच, अगदी अर्धा इंच, सरकलं. कुणी वाट द्यायला सरकावं तसं. लाकूड जुनं होतं. जुनं लाकूड हलतं. तिनं फोन उचलला आणि आर्किटेक्टबाईंना सांगितलं, “तुमचा माणूस पाठवा. आत्ता. माझ्यासमोर माप घेऊ दे.”

५

मापवाले चार वाजता आले. साठी उलटलेली, अंगानं काटकुळे, चष्म्याला दोरी. त्यांनी बाबांना नमस्कार केला, आईला चहा नको म्हणाले, आणि वकिलीच्या मागोमाग आतल्या खोलीत शिरले. दारात आई, आत्या आणि बाबा एकामागे एक उभे राहिले, तमाशा बघायला जमावेत तसे.

“बसा, बसा, उठू नका,” मापवाले कपाटाच्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले.

“कुणाशी बोलताय?”

“ताई, तुम्ही जरा अलीकडे या. पायावर पाय पडेल.”

ती अलीकडे आली. आल्यावर तिला स्वतःचा भयंकर संताप आला. सांगितलं आणि सरकलो! तिनं हाताची घडी घातली. “घ्या माप. बघू दे मला तुमची करामत.”

मापवाले गुडघ्यावर बसले. पोलादी टेपची डबी त्यांनी भिंतीच्या बुडाशी टेकवली आणि टोक वर सोडलं. पोलादी टेप सहा-सात फूट गेली की मान टाकते, हे वकिलीला कारखान्यातून पक्कं ठाऊक होतं. ती वाट बघत राहिली. टेप सात फूट गेली. आठ. नऊ फुटांवर छत लागलं.

“हां, तिथे वळवून घ्या,” मापवाले वर बघून म्हणाले. “सावकाश. मानेवरून.”

टेप छताखाली वळली. खर्र, खर्र असा बारीक आवाज करत ती छताला घासून आडवी, वकिलीच्या दिशेनं, यायला लागली. एक फूट. दोन फूट. तीन. ती तिच्या डोक्याच्या वर येऊन थांबली. टोकाची पितळी पट्टी हवेत ताठ होती. लोंबत नव्हती की थरथरत नव्हती. चिमटीत धरल्यासारखी होती.

तिनं वर पाहिलं. पट्टी होती, आणि पट्टीच्या मागे पंखा, आणि छत. दुसरं काही नव्हतं. उन्हात सगळं लख्ख दिसत होतं आणि काही नव्हतं.

“बारा फूट दोन इंच,” मापवाल्यांनी वाचलं आणि खिशातल्या वहीत उतरवलं. मग ते हळू आवाजात, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं म्हणाले, “इथे वाकूनच राहावं लागतं हो यांना. बावीस वर्षं. पाठीचं काय झालं असेल, विचार करा.”

दारात आईनं नकळत स्वतःच्या कमरेवर हात ठेवला.

टेप सुर्रकन डबीत परत गेली.

६

“खोटं होतं ते,” वकील स्वयंपाकघरात म्हणाली. “टेपमध्ये स्प्रिंग असते. चुंबक असेल. जादूवाले करतात तसं.”

आई चहा गाळत होती. आत्यानं कपबश्या मांडल्या. वकिलीनं त्या मोजल्या, पाच होत्या.

“आत्या!”

“राहू दे गं. चुकून निघाली.”

“परत ठेव.”

आत्यानं ती बशी उचलली नाही. “तू तरुण आहेस,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “तुझं काय, दिवाणखान्यात अंथरूण टाकलंस तरी झोप येईल. थोडं सांभाळून घ्यावं.”

“कुणासाठी? मी ज्याला बघितलेलं नाही, ज्याचं नाव माहीत नाही, त्याच्यासाठी? माझ्या पैशातून त्याला तेरा फुटी पलंग, आणि मी दिवाणखान्यात? तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? तुम्ही घाबरलायत! तिघंही! आणि घाबरलो म्हणायची लाज वाटते म्हणून त्याला माणुसकी म्हणताय!”

“हळू बोल,” बाबा आतल्या खोलीच्या दाराकडे बघत म्हणाले.

“मी माझे नऊ लाख काढून घेते.”

आईच्या हातातली गाळणी थांबली. बाबा मात्र शांतपणे खुर्चीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि तो तिला रागापेक्षा जास्त लागला.

“काढ,” ते म्हणाले. “तुझेच आहेत. मग घर होणार नाही. मग आपण सगळे इथेच राहू. आहे तसे. ज्या खोलीत जो आहे, तिथे.”

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. नळातून पाण्याचा थेंब भांड्यात पडला. मग आणखी एक. आतल्या खोलीत पंखा चालू राहिला होता, त्याचा आवाज येत होता, आणि मध्येच एका फेऱ्यात तो आवाज जरा जाड होत होता, कशाला तरी वळसा घालावा लागत असल्यासारखा.

“मला माझी खोली हवी,” ती शेवटी म्हणाली. आवाज कापत होता, आणि तो भीतीनं नाही, रागानं कापतोय असं तिला वाटत होतं. “वरची. दहा बाय चौदा, खिडकी रस्त्याकडे. बेचाळीस लाखांच्या आत. बाकी कुणाला कुठे बसवायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

खरेदी विभागात सहा वर्षं काढलेल्या बाईनं असं ढिलं वाक्य बोलायला नको होतं.

७

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, नवं अंदाजपत्रक टेबलावर होतं. बाबांनी ते तिच्यापुढे सरकवलं तेव्हा त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळलेला होता.

“एक्केचाळीस लाख नव्वद हजार,” ते म्हणाले. “आणि तुझी खोली आहे. वर. दहा बाय चौदा. बघ, बोलल्यानं मार्ग निघतो. उगाच त्रागा करतेस.”

“तळमजल्याची मागची खोली?”

“काढली.”

“खरंच काढली?”

“कागदावर आहे की.”

होतं. तळमजला, मागची खोली, आणि त्यावर सरळ रेघ. वकिलीला हसू आलं. तिनं आईकडे पाहिलं, आईही हसत होती. आत्या म्हणाली, “चला, सुटलो बाई,” आणि क्षणभर ते चौघं नुसती एक घर बांधणारी माणसं झाली. पण सवय जात नाही. तिनं पेन्सिल घेतली आणि पान एकपासून वाचायला सुरुवात केली.

अकराव्या पानावर तिची खोली होती. वरचा मजला, रस्त्याकडची. दहा बाय चौदा. टेबल, उंची अठ्ठावीस इंच, माप चार. बरोबर. खिडकी, माप चार. बरोबर.

छताची उंची चौदा फूट. दार तेरा फूट.

पलंग, एक. लांबी तेरा फूट. शेरा: ‘लहान माप मोठ्यात सामावते.’

दाराची कडी, आतून, एक. जमिनीपासून साडेनऊ फुटांवर.

कंसात दोन आकडे होते. चार आणि पाच.

“हे काय आहे?” तिला स्वतःचा आवाज लांबून ऐकू आला.

“दोन्ही एकत्र केलं बाईंनी,” बाबा म्हणाले. “आधी कुणाला कसं सुचलं नाही कोण जाणे. एक भिंत वाचली, एक दार वाचलं, एक पलंग वाचला. तुझी खोलीही राहिली.”

“कडी साडेनऊ फुटांवर? मी कशी लावणार? मी कशी उघडणार?”

“ते आहेत ना,” आई म्हणाली.

“दुसरी कडी बसवता येईल पुढेमागे,” आत्या म्हणाली. “पैसे उरले तर.”

शेवटच्या पानावर सह्यांसाठी पाच ओळी होत्या. तीन भरलेल्या होत्या. वाचलं का, हे तिनं विचारलं नाही.

“दोघांच्या राहिल्यात,” बाबांनी पेन पुढे केलं. “ते म्हणे तू केल्यावर करतील. कर गं, सगळे खोळंबलेत.”

तिनं पेन घेतलं ते आडवं, पानभर, मोठ्या अक्षरात ‘नाही’ लिहायला. टोपण काढलं. आणि कागदावर सावली आली. सकाळच्या उन्हात, डावीकडून उजवीकडे, सावकाश, कुणी मागून वाकून वाचायला लागावं तशी. तिच्या भांगातले दोन-चार केस हलले. थांबले. पुन्हा हलले. वरचा श्वास एकसारखा होता, घाईत नव्हता. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. ती तर ते लावून आली होती.

समोर बसलेले तिघं तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या डोक्यावरून वर, बरंच वर बघत होते. चेहऱ्यावर संकोच होता आणि थोडं हसू, मोठं माणूस न सांगता घरी आल्यावर असतं तसं. आई खुर्चीवरून अर्धवट उठली होती.

मान वर कर. तोंडावर सांग. हे ती आईला किती वर्षं ऐकवत आली होती! कुणापुढेही, अगदी कुणापुढेही नाही म्हणता आलं पाहिजे. तिनं ते मनातल्या मनात दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना मान जरा हललीही असावी.

“हं?” बाबांनी विचारलं.

“वाचतेय,” ती म्हणाली.

तिनं पेन खाली ठेवलं आणि पानं मागे उलटत ती पुन्हा पहिल्या पानावर आली. वाचत असेपर्यंत कुणी सही मागू शकत नाही. पहिली ओळ, दुसरी ओळ. सावलीची कड तिच्याबरोबर ओळींवरून खाली उतरत होती. म्हणजे या घरात तिच्याशिवाय कागद नीट वाचणारं आणखी कुणीतरी होतं.

तिचं पान वाचून झालं. सावली अजून मधल्या ओळींवरच होती.

ती पान न उलटता थांबली.